आठव्या षटकातला नवा चेंडू

दिल्लीत कायदा झाला त्या दिवशी मी अकोल्याच्या आमच्या शाळेत, क्रीडासाहित्याच्या खोलीत, कबड्डीच्या मुलींच्या जन्मतारखा तपासत बसले होते. पोळा तोंडावर आला होता. विज्ञानाच्या बाई दारातून डोकावल्या.

“मॅडम, मोबाईलवर पैसे लावाचे सारे खेळ बंद. क्रिकेटचेही. केंद्राचा कायदा आला म्हणते.”

“महाराष्ट्रापुरता का सगळीकडे?”

“केंद्राचा म्हणून राहिली ना मी. सगळीकडे.”

मी यादी बाजूला सारली, लोखंडी कपाट उघडलं आणि जानेवारीतली स्कोअरवही काढली. शेवटून तिसरं पान. आठव्या षटकाच्या चौकटीखाली लाल शाईनं लिहिलेली ओळ जागेवर होती. ती कुठे जाणार होती म्हणा, पण मी पाहून घेतलं. त्या एका ओळीसाठी मी सात महिने भांडत होते आणि सात महिने हरत होते.

मी शारीरिक शिक्षण शिकवते. माहेर अमरावतीचं, नोकरी अकोल्याची. अमरावतीत दर जानेवारीत महिलांची टेनिस चेंडूची क्रिकेट स्पर्धा भरते. आठ संघ, आठ-आठ षटकांचे सामने, तीन दिवसांचा कारभार. भातकुली, चांदूर रेल्वे, अकोला असे गावोगावचे संघ येतात. खेळणाऱ्यांत शिक्षिका असतात, नर्स असतात, शेतात जाणाऱ्या आणि दुकानात बसणाऱ्याही असतात. पहिल्या वर्षापासून गुणलेखन माझ्याकडे आहे. निळं पेन धावांना, लाल पेन बाकीच्या गोष्टींना. बाकीच्या गोष्टी म्हणजे सामना कशामुळे थांबला, कोणाला लागलं, चेंडू कधी बदलला. कुत्रं मैदानात शिरलं तरी मी लिहिते. फार वर्षांपूर्वी एका शालेय सामन्यात चेंडू बदलला की नाही यावरून दोन शिक्षकांनी एकमेकांची कॉलर धरली होती, तेव्हापासूनची ही सवय. लोक हसतात. मी लिहीत राहते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या स्पर्धेला एका अ‍ॅपवाल्या कंपनीनं प्रायोजकत्व दिलं. मंडप त्यांचा, जर्सी त्यांच्या, ढाली त्यांच्या. बदल्यात मैदानाच्या कडेला उंच काठीवर कॅमेरा बसला आणि त्याखाली टॅबलेट घेतलेला त्यांचा माणूस. प्रत्येक चेंडूची नोंद तो तिथल्या तिथे टाकायचा आणि कुठल्या कुठल्या गावची माणसं घरबसल्या पैसे लावायची. या षटकात धावा किती, वाइड किती, कोण जिंकणार. सकाळी मेथी विकून दुपारी खेळायला आलेल्या बाईच्या हातावर कोणी अनोळखी माणूस पैसे लावून बसलेला असायचा आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा.

समितीच्या बैठकीत मी म्हटलं, “हा सट्टाच आहे.”

आमचे सचिव शिकवणी वर्ग चालवतात. पंचेचाळिशीचे आहेत, एके काळी बरी गोलंदाजी करायचे. ते हसले. “मॅडम, सरकार याच्यावर जीएसटी घेते. सट्ट्यावर कधी जीएसटी लागते काय?”

“दारूवरही कर घेते सरकार. म्हणून स्पर्धेत दारू वाटता काय?”

“दारूच्या दुकानाले परवाना असते ना? मग झालं तर. दुकान कायदेशीरच हाये.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर आहेत, स्वभावानं सरळ. ते म्हणाले, “बाई, एवढे मोठमोठे खेळाडू त्याची जाहिरात करतात. ते काय येडे आहेत?”

मी पोलीस ठाण्यातही जाऊन आले. ठाणेदारांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, मले पत्त्याचा अड्डा दाखवा, आत्ता धाड टाकतो. हे मोबाईलवरचं हाये. कंपनी दुसऱ्या राज्यातली, तिथं तिच्याजवळ परवाना. जुगार म्हणजे ज्या त्या राज्याचा विषय. इकडून हात लावला की ते तिकडचा कागद दाखवतेत.” माणूस खोटं बोलत नव्हता. एका राज्यात बंदी, शेजारच्या राज्यात परवाना, आणि फोनला तर राज्याची हद्दच कळत नाही. मी चहा संपवला आणि आले.

कंपनीशी झालेल्या करारात एक ओळ होती. अ‍ॅपवर नोंदलेला गुणफलक हाच स्पर्धेचा अधिकृत गुणफलक. म्हणजे माझी वही त्या दिवसापासून ‘मॅडमची वही’ झाली, स्पर्धेची राहिली नाही. मला कोणी ऊठ म्हटलं नाही, म्हणून मी बसत राहिले. टेबल तेच, खुर्ची तीच, पेनं तीच.

आता जानेवारीतला तो उपांत्य सामना. भातकुली विरुद्ध अकोला. अकोल्याच्या संघात माझ्या चार जुन्या विद्यार्थिनी होत्या. भातकुलीकडे एक संथ गोलंदाज होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. घरचा भाजीपाला. पहाटे मळ्यातून माल घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दिवसाप्रमाणे जे निघेल ते. तिचा चेंडू उंच यायचा, फलंदाजाला वाटायचं की आला, आणि तो एक वीत आधीच खाली पडायचा. पण हे सगळं झिजलेल्या चेंडूवर. टेनिसचा चेंडू दोन-तीन षटकं मार खाल्ला की त्याची लव जाते. आमच्याकडे त्याला गंजा चेंडू म्हणतात. गंजा चेंडू हाताला कळतो. नवा चेंडू हवेत वळतो, टप्प्यावर उसळतो, आणि संथ टाकणाऱ्याचं तर अजिबात ऐकत नाही.

म्हणून आमच्या स्पर्धेत नियम आहे की चेंडू हरवला तर त्याच्याइतकाच झिजलेला चेंडू द्यायचा. असे चेंडू मी एका कापडी थैलीत ठेवते. त्या दिवशी ती थैली माझ्या खुर्चीखाली होती, कारण टेबलावर जागा नव्हती. टेबलावर प्रायोजकांचा नव्या चेंडूंचा खोका होता. सकाळी प्रमुख पाहुण्यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, फीत कापली, खोक्याला कुंकू लावलं, फोटो निघाले, आणि मग तो ठेवायचा कुठे म्हणून माझ्यासमोर आणून ठेवला.

शेवटच्या षटकात अकोल्याला नऊ धावा हव्या होत्या आणि चेंडू त्याच संथ गोलंदाजाच्या हाती होता. पहिला चेंडू निर्धाव. दुसऱ्यावर षटकार, आणि चेंडू भिंतीपलीकडे नाल्यात. पंच माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी समोरच्या खोक्यातून एक काढून दिला. थैली आठवली तोवर ते खेळपट्टीशी पोचले होते. मी उठून हाक मारायला हवी होती. मारली नाही. शेवटचं षटक, गलका, कॅमेरा. मी लाल पेन उचललं आणि लिहिलं: ‘दुसऱ्या चेंडूनंतर चेंडू हरवला. नवा दिला.’

गोलंदाज बाईनं चेंडू बोटांत फिरवला आणि पंचांना काहीतरी म्हटलं. पंचांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. पुढचा चेंडू वाइड. त्याच्या पुढचाही वाइड. मग एक धाव, आणि अकोला जिंकलं.

मंडपातून एक पुरुषी आवाज आला. “इकली रे, मॅच इकली पोट्टीनं.”

मग ‘विकली, विकली’ असे आवाज वाढले. बऱ्याच जणांच्या हातात फोन होते आणि तोंडं उतरलेली होती. सचिवांच्याही हातात फोन होता. त्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

अर्ध्या तासात भोंग्यावरून घोषणा झाली. भातकुलीच्या या खेळाडूवर मुद्दाम वाइड टाकल्याचा संशय आहे, चौकशी होईपर्यंत तिला स्पर्धेतून निलंबित करण्यात येत आहे. नाव घेऊन, दोनदा. मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत तो आवाज जातो. मी वही घेऊन समितीच्या टेबलाशी गेले.

“चेंडू बदलला होता. थैलीतला द्यायचा तर मी खोक्यातला दिला. चूक माझी आहे, तिची नाही.”

सचिवांनी टॅबलेटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, चेंडू बदलाची नोंद नाही.

“त्याच्यात ते बटणच नाही,” मी म्हटलं.

“मग झालं तर. नोंद नाही म्हणजे नाही. करारात काय लिहिलं ते तुमाले माहीत हाये.” आणि मग जरा हळू, “मॅडम, तुमी अकोल्याच्या. तुमचाच संघ जिंकला. तुमचं काहून पोट दुखून राहिलं?”

दोन आठवड्यांनी अमरावतीला गेले तेव्हा बाजारात त्या गोलंदाज बाईकडे गेले. माझ्यापुढे एक गिऱ्हाईक होतं, चांगले कपडे घातलेला माणूस. वांगी तोलून झाली आणि तो म्हणाला, “बाई, काटा तरी सरळ हाये ना तुमचा? का तोही वाइड?” शेजारच्या लसूणवाल्याला हसू आलं. तिनं पिशवी दिली, सुटे पैसे परत दिले, आणि माझ्याकडे वळली.

“या मॅडम. काय देऊ?”

“अर्धा किलो वांगी.” ती तोलत असताना म्हटलं, “मी समितीला पत्र दिलं आहे.”

“मॅचचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “मॅच मी वर्सातून चार-पाच खेळतो. काट्यावर मी रोज बसतो. लोक माल घेतेत अन् पलीकडच्या किराण्यात जाऊन तोलून पाहतेत. माही आई वीस वर्सं बसली इथं. तिच्या काट्याकडं कोणी डोळा वर करून नाही पाह्यलं.”

मी वांग्यांचे पैसे पुढे केले. मग तिनंच विचारलं, “तुमी मले नवा चेंडू काहून देल्ला?”

“समोर होता म्हणून.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “मीबी हाती आला म्हणून टाकला,” ती म्हणाली आणि पिशवीत दोन मिरच्या टाकल्या.

त्या पुढच्या सात महिन्यांत मी समितीला तीन पत्रं दिली. प्रत्येकाची पोच घेतली. उत्तर एकाचंही आलं नाही. चौकशी होईपर्यंत निलंबन, आणि चौकशी कोणी करायची हे ठरलेलं नाही, म्हणजे ते कायमचंच निलंबन. उन्हाळ्यात मी अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी कैरीचं पन्हं दिलं आणि म्हणाले, “बाई, तुमचं खरं असेल. पण ते लोक मंडप देतात.” तेवढंच.

आणि मग पोळ्याच्या तोंडावर तो कायदा.

मी तो वाचून काढला, जेवढा बातम्यांत आला तेवढा. पैसे लावण्याचे खेळ चालवणाऱ्याला शिक्षा, त्यांची जाहिरात करणाऱ्याला शिक्षा, बँकेनं त्यांचे पैसे फिरवायचे नाहीत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे मला योग्य वाटलं. राज्याराज्याचा परवाना, राज्याराज्याची बंदी हा सगळा गुंता एका झटक्यात सुटला. ज्या प्रश्नाचं उत्तर मला तीन वर्षं देता आलं नव्हतं ते संसदेनं दिलं. त्या संध्याकाळी मी पुरणाची डाळ नेहमीपेक्षा जास्त टाकली. घरच्यांनी विचारलं, कोण येणार आहे? म्हटलं, कोणी नाही, जिंकले आहे.

आठवडाभरात आमच्या स्पर्धेचं अ‍ॅपवरचं पान उघडेना. कंपनीच्या माणसाचा फोन लागेना. अमरावतीहून गमतीदार बातम्या येऊ लागल्या. अ‍ॅपच्या जाहिरातीचे मोठे फ्लेक्स अध्यक्षांनी घराच्या गच्चीवर पाणी झिरपू नये म्हणून अंथरले होते. जाहिरात केली तर शिक्षा, हे वाचल्यावर त्यांनी सकाळी सकाळी वर चढून सगळे उलटे केले. सचिवांनी गाडीच्या मागच्या काचेवरची चिकटपट्टी ब्लेडनं खरवडली, अर्धी निघाली नाही. मी कोणालाही फोन केला नाही. मला माहीत होतं की आता ते येतील.

दिवाळीनंतर आले. अध्यक्ष आणि सचिव दोघेही, अकोल्याला, शाळेत, मधल्या सुट्टीत. मी चहा मागवला.

सचिवांनी सुरुवात केली. “मॅडम, यंदा एक दालमिलवाले प्रायोजक व्हाले तयार हायेत. अकोल्याचेच. सज्जन माणूस.”

“छान झालं.”

“फक्त ते म्हणतात, मागच्या वर्षीचा सारा रेकॉर्ड दाखवा. तुमच्या स्पर्धेत सट्टा चालत होता असं ऐकलं, त्याच्यात कोणाकोणाचं काय झालं ते पाहू द्या, मगच माझं नाव देईन. म्हणून म्हटलं, रेकॉर्ड…”

“अ‍ॅपवर आहे ना अधिकृत.”

सचिवांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष खाकरले. “बाई, ते बंद पडलं. तुमच्या वहीशिवाय आमच्याजवळ कागद म्हणून नाही.”

मी कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. “वही देते. आधी चौकशी करा. मैदानावर, दिवसाउजेडी, समितीसमोर. गोलंदाज बाईला लेखी बोलवा, मानानं. पंचांनाही बोलवा. आणि ती निर्दोष ठरली तर जे भोंग्यावर बोललात ते भोंग्यावरच परत घ्या. कागदावर नाही. नाव घेऊन, दोनदा.”

“हे तं ब्लॅकमेल झालं मॅडम,” सचिव म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “चहा घ्या.”

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही अमरावतीच्या मैदानावर जमलो. समितीचे पाच जण, पंच, दालमिलवाले स्वतः, आणि ती. बाजार आटोपून आली होती, ओढणी डोक्याला बांधलेली. आईला सोबत आणलं होतं. आई खुर्चीवर बसली नाही, उभी राहिली.

मी वही उघडून ओळ वाचून दाखवली. पंचांना विचारलं. ते म्हणाले, “हो, नवा होता. या बाईनं मले सांगतलं होतं हा नवा आहे म्हणून. मी म्हटलं, टाक लवकर, कॅमेरा सुरू हाये.” त्यांचा आवाज खाली गेला. “मले थांबाले पायजे होतं.”

सचिव म्हणाले, “नवा होता, मान्य. पण नव्यानं दोन-दोन वाइड पडतेत काय? गोलंदाज हाये ना ती?”

“टाकून पाहू,” मी म्हटलं. थैली आणि एक नवा डबा सोबत आणलाच होता.

“ती आता मुद्दाम वाइड टाकून दाखवीन. त्याचा काय उपयोग?”

“बरोबर आहे. म्हणून ती टाकणार नाही. तुम्ही टाका. तुम्ही तर गोलंदाज.”

समितीतले दोघं हसले आणि मग सचिवांना माघार घेता येईना. त्यांनी घड्याळ काढून अध्यक्षांकडे दिलं, बाह्या सारल्या. “संथ टाकायचा,” मी सांगितलं, “तिच्यासारखा. वेग लावायचा नाही.” पंच यष्ट्यांमागे उभे राहिले.

आधी गंजे चेंडू दिले, तीन. तिन्ही सरळ पडले. खरंच चांगले पडले, माणसाचा हात अजून होता. त्यांना स्फुरण चढलं. मग मी नवा दिला. तो हवेतून निघाला, बाहेर वळला आणि यष्ट्यांपासून लांब निघून गेला. पंचांनी दोन्ही हात पसरले. दुसरा दिला. सचिवांनी पकड बदलली, दात आवळले. तो दुसऱ्या बाजूनं गेला. पंचांनी परत हात पसरले. तिसरा आपटून पंचांच्या डोक्यावरून गेला.

तेवढ्यात ती गोलंदाज बाई, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, शांतपणे म्हणाली, “भाऊ, किती घेतले?”

दालमिलवाले आधी हसले. मग अध्यक्ष, रुमालात तोंड लपवून. मग सगळेच, पंचसुद्धा. तिची आई तेवढी हसली नाही. ती सचिवांकडे एकटक पाहत राहिली. सचिवांनी चेंडू उचलला, पँटला पुसला, आणि खरं ते सांगायला हवं, त्या माणसानं तेव्हा रडीचा डाव खेळला नाही. ते तिच्याकडे चालत गेले आणि म्हणाले, “ताई, चुकलं आमचं.”

“मले नका सांगू,” ती म्हणाली. “भोंग्यावर सांगा.”

ठराव तिथेच लिहिला गेला. निलंबन रद्द, आरोप खोटा. मी त्यात आणखी एक वाक्य घालायला लावलं: गुणलेखिकेनं नियम मोडून नवा चेंडू दिला. अध्यक्ष म्हणाले, कशाला, जाऊ द्या. मी म्हटलं, झालं ते लिहायचं, माझं असलं तरी. हे वाक्य सचिवांनी मोठ्या आनंदानं स्वतःच्या हातानं लिहिलं. मग मी वही दिली.

यंदाच्या जानेवारीत पहिला सामना सुरू होण्याआधी सचिवांनी स्वतः भोंगा हातात घेतला. तिचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, समितीची चूक झाली असं स्वच्छ सांगितलं. एकदा म्हणून थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन बोटं वर केली. त्यांनी परत पहिल्यापासून म्हटलं. मंडपात टाळ्या झाल्या, पण मला टाळ्यांपेक्षा बाहेरच्या टपरीवरची माणसं उठून कुंपणाशी आली ते जास्त आवडलं. ऐकायला ऐकणारे लागतात.

कॅमेऱ्याची काठी गेली होती. तिचा खड्डा तेवढा राहिला होता, तोही कोणीतरी दगड टाकून बुजवला होता. भातकुलीनं आधी फलंदाजी केली. मग ती बाई गोलंदाजीला आली, आणि तिचा पहिलाच चेंडू वाइड पडला. माझं पेन क्षणभर थांबलं. पंचांनी हात पसरले. मंडपात एक बाई भजी खात होती, ती खात राहिली. मागून कोणी म्हणालं, “सांभाळून टाक वो,” आणि बस. कोणाच्याही फोनला त्या चेंडूशी देणंघेणं नव्हतं. मी वाइड लिहिला, आणि इतका साधा वाइड मी तीन वर्षांत लिहिला नव्हता. त्या सामन्यात तिनं तीन वाइड टाकले आणि चार बळी घेतले. भातकुली अकरा धावांनी जिंकली. ही माहिती लाऊडस्पीकरवर वाचून दाखवली गेली ती माझ्या वहीतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मी बाजारात गेले. तिच्यापुढे चार-पाच जण होते. एक ठसठशीत बाई, हातात कापडी पिशवी, वांगी निवडत होती.

“काल तीन वाइड टाकले तुमी,” ती बाई म्हणाली. “मी मोजले.”

“हाओ. अन् चार जणी आउट केल्या थ्या?”

“थ्याही मोजल्या. एक किलो द्या. बिया नाही ना भल्ल्या?”

“आजच तोडले वो बाई. कोवळे हायेत.”

तिनं तोललं. काट्याचं पारडं थांबलं तेव्हा ती गिऱ्हाईक बाई काट्याकडे पाहतच नव्हती, पुढच्या कोथिंबिरीच्या जुडीला हात लावून भाव विचारत होती. तिनं पिशवी घेतली, पैसे दिले, समोरच्या किराणा दुकानावरून तशीच पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या ऑटोत बसली.

“या मॅडम,” गोलंदाज बाई म्हणाली. “तुमाले काय पायजे?”